परसातलं लॉन उपटा, आणि स्वतःच्या हातांनी उपटा

पोस्ट लांबलचक आहे आणि भांडकुदळही आहे, आधीच सांगतो.

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर सातवा विषय : "क्लबहाउससमोरील लॉनचे नूतनीकरण व त्यासाठी निधीस मंजुरी." सहा हजार चौरस फूट लॉन. बोलायला मला तीन मिनिटं मिळतील, तीही चेअरमनसाहेबांचा मूड असेल तर. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पुण्यातल्या आणि पुण्यासारख्या शहरांतल्या पुष्कळ सोसायट्यांत हा विषय याच महिन्यात येतो, कारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आणि सप्टेंबर महिना लॉनच्या फार सोयीचा. पावसाने सगळंच फुकटात हिरवं झालेलं असतं, खिडकीतून बघायला छान वाटतं, हात वर होतात. हाच ठराव कोणी एप्रिलमध्ये मांडून दाखवावा.

माझं म्हणणं एवढंच की आपल्या हवेत, आपल्या पाण्यावर, शोभेचं लॉन बाळगणं हा चैनीचा नव्हे तर शेजाऱ्याच्या ताटातलं उचलण्याचा प्रकार आहे. तो थांबवायला कुठल्याही सरकारी योजनेची, लँडस्केप कन्सल्टंटची गरज नाही. एक कुदळ, एक खुरपं आणि एक उन्हाळा पुरतो. आमच्या रो-हाउसच्या मागचं सहाशे चौरस फुटांचं जुनं लॉन मी या वर्षी फेब्रुवारी ते ऑगस्ट या काळात काढलं. एकट्याने. त्यावरून सोसायटीने मला पत्रही पाठवलंय, "परिसराच्या सौंदर्यास बाधा" या शब्दांत. त्याबद्दल पुढे.

आधी हिशेब. पावसाचं गणित शाळेत शिकलो तेच इथे लागू : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात गवत हिरवंगार ठेवायचं तर दिवसाला पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. सहाशे चौरस फूट म्हणजे साधारण छप्पन्न चौरस मीटर. म्हणजे रोजचे २८० लिटर. हे झालं मोजूनमापून दिलं तर. पाइप लावून, मोबाइलवर बोलत बोलत पाणी मारण्याची आपली जी पद्धत आहे तिचा हिशेब वेगळा.

आता हे २८० लिटर कशाशी ताडून बघायचे? शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी मानक माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी धरलेत ५५ लिटर. म्हणजे माझ्या परसातलं गवत, ज्यावर वर्षातून चार वेळा खुर्च्या टाकून आम्ही बसत होतो, ते शहरातल्या दोन माणसांचं किंवा गावाकडच्या पाच माणसांचं पाणी रोज पीत होतं. मार्च ते मे या तीन महिन्यांत पंचवीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे अडीच टँकर. एका घरामागच्या गवताला!

क्लबहाउससमोरचं लॉन याच्या दहापट. रोज २८०० लिटर. पन्नास माणसांची वस्ती. दर साडेतीन दिवसांनी एक टँकर, आणि हे अशा सोसायटीत जिथे एप्रिल लागला की "सभासदांनी पाणी जपून वापरावे" अशी नोटीस लिफ्टमध्ये लागते. ती नोटीस वाचून आम्ही अर्धी बादली अंघोळ करायची आणि खाली गवताला स्प्रिंकलर.

२०१६ आठवतंय? त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. सगळ्या देशाने ती गाडी टीव्हीवर पाहिली. माझ्या परसाएवढी अठराशे लॉनं ती अख्खी गाडी एका दिवसात पिऊन टाकतील. पुणे-पिंपरी मिळून अठराशे लॉनं असतील की नाही, तुम्हीच सांगा. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्याच्या मुद्द्यावरून. तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न्यायालयाचं काय कौतुक झालं! अंगठे, नमस्कार, टाळ्या. आणि त्या दिवशीसुद्धा संध्याकाळी साडेपाचला आमच्याकडे स्प्रिंकलर सुरू झाले होते.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खरा आहे : "ऊस किती पाणी पितो ते बघा, तुमच्या परसाने काय होणार?" बरोबर. राज्यातल्या लागवडीच्या फार थोड्या क्षेत्रावर असणारं हे पीक सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा खातं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण उसाच्या मुळाशी निदान कोणाचं तरी घर चालतंय. शेतकऱ्याला ऊस सोडायला सांगायचं तर त्याला दुसऱ्या पिकाचा भाव द्यावा लागेल, ते राजकारण मोठं आहे आणि त्यात मी माझ्या मताने जे व्हायचं ते करतोच. लॉन सोडायला मात्र कोणाला काही द्यावं लागत नाही. हमीभाव नाही, कारखाना नाही, मोळीचं वजन नाही. आणि स्वतःच्या परसात गवताला पाणी मारत उसाच्या शेतकऱ्याला शहाणपण शिकवणाऱ्या माणसाचं कोणी ऐकावं तरी का?

हे लॉन आलं कुठून, तेही बघा. इंग्लंडातल्या जमीनदारांच्या वाड्यांभोवतीची ही शोभा. आधी मेंढ्या चरवून आणि विळ्याने कापून राखायची, मग १८३० साली एडविन बडिंग नावाच्या माणसाने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि मध्यमवर्गालाही ती परवडू लागली. तिकडे वर्षभर थोडाथोडा पाऊस असतो, गवत आपोआप जगतं. आपल्याकडे सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, बहुतेक सगळा चार महिन्यांत. बाकी आठ महिने आभाळ कोरडं. त्या हवेतली सवय आपण कँटोन्मेंटमधल्या बंगल्यांकडून उचलली, बिल्डरांनी ती ब्रोशरवर छापली, आणि आता तर लग्नाच्या कार्यालयालाच "लॉन्स" म्हणतात. आपल्या भाषेत शब्द आहे हिरवळ. हिरवळ पावसात येते, दिवाळीनंतर पिवळी पडते, उन्हाळ्यात नाहीशी होते आणि मृगात परत येते. तिला कोणी पाणी मारत नाही. लॉन म्हणजे जिला पिवळं पडायची परवानगी नाही अशी हिरवळ.

आणि घराच्या मागे आपल्याकडे काय होतं? परस. मोरीचं पाणी जिथे जायचं तिथे अळू आणि केळ, पलीकडे शेवगा, कढीपत्ता, एखादं लिंबू. वापरलेल्या पाण्यावर चालणारी बाग. त्याला कोणी सस्टेनेबल म्हणत नव्हतं. घरातली बाई खरकटं पाणी वाया घालवत नव्हती, एवढंच.

अमेरिकेत असलेल्या भाच्यांना हे पटवावं लागत नाही, कारण तिकडे लॉनच्या माहेरघरातच उलटी गंगा सुरू झाली आहे. नेव्हाडा राज्याने २०२१ साली कायदा केला : लास व्हेगासच्या परिसरात निव्वळ शोभेच्या गवताला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी द्यायचं नाही. घरामागचं लॉन काढणाऱ्याला तिथली पाणीपुरवठा संस्था चौरस फुटामागे पैसे मोजते. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कार्यालयं, संस्था आणि सोसायट्यांच्या सामायिक जागांतल्या शोभेच्या गवताला पिण्याचं पाणी टप्प्याटप्प्याने बंद करायचा कायदा केला. आणि आपण निधीस मंजुरी देतोय.

बरं, आता प्रत्यक्ष काम. हे मुद्दाम तपशिलात सांगतो, कारण "हे एकट्याने होत नाही" हीच सगळ्यांची पळवाट असते.

फेब्रुवारीत पाणी बंद केलं. महिन्याभरात आमच्या "मेक्सिकन कार्पेट"चा रंग उतरला आणि खाली खरं काय आहे ते दिसलं : निम्मी हरळी, निम्मा लव्हाळा. जुन्या लॉनचं बहुतेक असंच असतं. गंमत बघा, ज्या हरळीपायी शेतकऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या कंबर मोडून घेत आल्या, तीच आपण चौकोनी तुकड्यांत विकत घेतो, खत घालतो आणि तिच्यावर "चालू नये" अशी पाटी लावतो. (गणपतीला दूर्वा मात्र बाजारातून आणायच्या.)

अर्धी जागा खणली. आदल्या संध्याकाळी दोन बादल्या पाणी शिंपडायचं, सकाळी सहा ते साडेसात कुदळ. कोरड्यात मारलीत तर मनगट जातं. हरळीचे जमिनीखालचे धागे लांबच लांब असतात आणि प्रत्येक पेराला नवं रोप फुटतं. त्यामुळे तोडायचे नाहीत, माती मोकळी करून ओढून काढायचे. वीत-दीड वीत खोल गेलं की बरेचसे येतात. निघालेलं सगळं गच्चीवर पसरून आठ-दहा दिवस उन्हात खडखडीत वाळवलं. ओलं असताना कंपोस्टमध्ये टाकलंत तर पुढच्या वर्षी तुमच्या कुंड्यांतसुद्धा हरळी. तीनशे चौरस फुटांना तीन आठवडे लागले, रोज दीड तास.

उरलेल्या अर्ध्या भागात कुदळ जवळजवळ लावलीच नाही. गवत खरवडून बारीक केलं, जमीन भिजवली आणि एप्रिलच्या सुरुवातीला वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडल्या. काळं नाही, पारदर्शकच. ऊन आत शिरलं पाहिजे आणि उष्णता बाहेर पडता कामा नये. सहा आठवडे. पुण्याचं एप्रिल-मेचं ऊन, ज्याला आपण नावं ठेवतो, ते इथे फुकट मजुरी करतं. हरळी जवळपास संपली. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, त्या पुरत्या मरत नाहीत; तो दिसला की खुरप्याने गाठीसकट काढायचा, आणि सावली वाढत गेली की तो आपोआप हटतो. तणनाशक मारा म्हणून सल्ले खूप आले. ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घालणारा आदेश केंद्राने २०२२ मध्येच काढलाय, आणि जिथे पुढे कढीपत्ता लावायचाय तिथे ते मारायची मला हौस नाही.

खणताना आणखी एक गोष्ट वर आली, लाल माती. बिल्डरने मुरमावर चार इंच लाल माती टाकून त्यावर लॉन अंथरलेलं. सहाशे चौरस फुटांवर चार इंच म्हणजे दोनशे घनफूट, दोन ब्रास. ती कुठल्या तरी डोंगराच्या उतारावरून किंवा कोणाच्या तरी रानातून खरवडून आणलेली असते. सुपीक मातीचा थर तयार व्हायला शतकं लागतात. आपण तो पायपुसणं म्हणून अंथरतो.

जूनच्या पहिल्या पावसावर ताग पेरला. दीड महिन्यात कमरेएवढा झाला, फुलावर यायच्या आत कापून तिथेच मातीत मिसळला. त्याआधी भिंतीकडच्या पट्ट्यात किराणा दुकानातून आणलेले पुठ्ठे चिकटपट्ट्या काढून एकावर एक अंथरले आणि वर पाचोळा. भिंतीपासून फूटभर अंतर सोडायचं, नाहीतर वाळवी. पाचोळा कुठून? उघड्यावर कचरा जाळायला बंदी असूनही आमच्या मागच्या रस्त्यावर रोज सकाळी जळत होता तोच. पंचवीस पोती आणली. मग रोपं : कढीपत्ता, लिंबू, अडुळसा, निर्गुडी, प्राजक्त, कोपऱ्यात शेवगा, मोरीच्या पाण्याला अळू आणि एक केळ, मोकळ्या जागेत रताळ्याचे वेल. चौदा रोपांना पहिल्या उन्हाळ्यात पाणी लागणारच, ते मी नाकारत नाही. एक दिवसाआड प्रत्येकी पाच लिटर धरले तरी दिवसाला पस्तीस लिटर होतात. कुठे पस्तीस आणि कुठे दोनशे ऐंशी. त्यातलं निम्मं तांदूळ-भाज्या धुतलेलं.

एकूण खर्च सात हजारांच्या आत. याच जागेचं लॉन "रिनोव्हेट" करून द्यायचं कोटेशन होतं अठ्ठेचाळीस हजार.

आता सगळ्यांना खटकलेली गोष्ट : "अहो, माळी नाही का तुमच्याकडे?" येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने विचारलं. एका काकूंनी तर हिच्याकडे येऊन हळूच चौकशी केली की घरी सगळं ठीक आहे ना. पन्नाशीचा, बरी नोकरी असलेला माणूस बनियनवर कुदळ मारतोय म्हणजे काहीतरी बिनसलंय! यातच सगळं आलं. लॉन इतकी वर्षं टिकलं ते याचमुळे. पाणी मारणारे हात दुसऱ्याचे, कापणारे हात दुसऱ्याचे, टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये मिसळलेलं. आपण फक्त खिडकीतून बघायचं. आमच्या सोसायटीचे माळीकाका बीड जिल्ह्यातले आहेत. त्यांच्या गावी उन्हाळ्यात टँकर येतो, ड्रम लावून ठेवावे लागतात. ते इथे रोज संध्याकाळी गवतावर पाणी उडवतात. मी त्यांना विचारलं, काय वाटतं? "साहेब, सांगितलेलं काम करायचं," म्हणाले. यावर मला पुढे काही विचारता आलं नाही. हा माणूस राबवून स्वतःचं लॉन काढून घेणं मला जमलं नसतं. ज्याला ते हवं होतं त्यानेच खणावं. आणि नूतनीकरण रद्द झालं तर माळीकाकांचं काम जातं, असं कोणी म्हणू नका. झाडांच्या बागेला माणूस लागतोच, आणि गवत कापण्यापेक्षा अंमळ जास्त अक्कल लागते, जी त्यांच्याकडे आमच्या अख्ख्या कमिटीपेक्षा जास्त आहे.

कमिटीचे बाकीचे मुद्दे झटपट घेतो. एसटीपीचं पाणी वापरतो म्हणे. वापरत नाही, त्याला वास येतो अशा तक्रारी आल्यापासून बोअरचं पाणी चालू आहे, व्हॉल्व्ह कुठला उघडा असतो ते कोणीही जाऊन बघावं. आणि एसटीपी नीट चालला तर ते पाणी आधी फ्लशला द्या, तितकं पिण्याचं वाचेल. झुडपात साप येतात म्हणे. साप उंदरांमागे येतो, आणि उंदीर आमच्या कचऱ्याच्या खोलीमागे आहेत, तिकडे बघा. गारवा राहतो म्हणे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता लॉनवर उभं राहून दाखवा, मग कडुनिंबाखाली या. मुलांना खेळायला जागा? याच लॉनवर "खेळू नये" अशी पाटी कमिटीनेच लावली आहे. आणि खजिनदारांची तडजोड, आर्टिफिशियल ग्रास, ती तर नकोच नको. पाणी वाचेल, पण उन्हात पाय भाजतील, माती गुदमरेल आणि काही वर्षांनी ते सगळं प्लास्टिक कचऱ्यात.

सौंदर्याचंही बोलू, कारण पत्रात तोच शब्द आहे. माझ्या परसात आज ताग कापल्यानंतरची ओबडधोबड माती आहे, पाचोळा आहे, हातभर रोपं आहेत. पाचव्या मजल्यावरून ते बांधकामाच्या साइटसारखं दिसतं, मान्य. पण गेल्या आठवड्यात लिंबाच्या पानावर फुलपाखराची अळी होती. अजून कळत नाही कुठल्या जातीची. नीलवंत, आपलं राज्य फुलपाखरू, लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं, त्यामुळे मी आशा लावून बसलोय. दहा वर्षांत त्या लॉनवर मी एक अळी पाहिली नव्हती. आणि यंदाच्या मोठ्या पावसात, दरवर्षी जिथून पाणी वाहून पार्किंगमध्ये जायचं तिथे थेंब बाहेर आला नाही. सहाशे चौरस फुटांवर पावसाळ्यात चाळीस हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. मोकळ्या मातीने ते पिऊन घेतलं. ज्या बोअरवर कमिटीची एवढी भिस्त आहे, त्याला या चाळीस हजारातलं थोडं तरी मिळेल. पार्किंगच्या गटारातून काहीच मिळत नव्हतं.

तर रविवारी सातव्या विषयावर मी दुरुस्ती सुचवणार आहे. नूतनीकरणाचा निधी रद्द. सहा हजारांपैकी हजार चौरस फूट मुलांना खेळायला मोकळी, पावसात उगवेल ते गवत, उन्हाळ्यात पिवळं पडलं तर पडू दे, पाटी काढायची. बाकी पाच हजारांवर प्लास्टिक, ताग, झाडं, याच क्रमाने, पुढच्या फेब्रुवारीपासून. मजुरी सोसायटीने द्यायची नाही. दर रविवारी सकाळी सहा ते आठ, प्रत्येक फ्लॅटमधून महिन्यातून एकदा एक माणूस. एकशे वीस फ्लॅट आहेत. हिशेब तुम्ही करा.

अनुमोदनाला एक नाव हवंय. बी विंगमधल्या दोघांनी तोंडी होकार दिलाय, पण सभेत हात वर होतो का ते बघायचं. आपल्या सोसायटीतले जे हे वाचताय त्यांनी साडेदहाला या, चहाच्या आधी, कारण सातवा विषय मुद्दाम चहानंतर घेतात आणि तोवर निम्मे लोक निघून जातात. बाहेरच्यांसाठी : तागाचं चार किलो बी उरलंय, पारदर्शक प्लास्टिकही धुऊन घडी करून ठेवलंय, अजून एक उन्हाळा नक्की निघेल. फेब्रुवारीत सुरू करणार असाल तर इनबॉक्समध्ये सांगा. कुदळ मात्र तुमची तुम्ही आणा, माझी रविवारनंतर बहुतेक लागणार आहे.